भोपळा उचलून बघ: बालवाडीच्या मुलांना गावातली कामं कशी दाखवावीत

‘आपले मदतनीस’ हा विषय आला की आमच्या अंगणवाडीत दरवर्षी एकच गोष्ट घडते. मी विचारते, “मदतनीस म्हणजे कोण रे?” आणि सगळी बोटं दाराकडे वळतात. तिथं आमच्या मदतनीस मावशी तांदूळ निवडत बसलेल्या असतात. अंगणवाडीत सेविका आणि मदतनीस अशी दोन पदं असतात, घरी-दारी मुलांच्या कानावर तो शब्द पडलेला असतो. त्यामुळं तक्त्यावरचे पोलीस आणि पोस्टमन त्यांना आठवतच नाहीत. सुरुवातीला मी “तसं नव्हे, बाळांनो” म्हणायचे. आता म्हणत नाही. त्यांचं बरोबर आहे, आणि मी सुरुवात तिथूनच करते.

मी मिरजेत अंगणवाडी चालवते, बावीस वर्षं झाली. पहिली काही वर्षं मीही भिंतीवर तक्ता लावून हा विषय उरकत होते. पट्टीनं चित्र दाखवायचं, मुलांनी सुरात नाव घ्यायचं. एकदा तपासणीला बाई आल्या होत्या. मुलांनी तक्ता घडाघडा म्हणून दाखवला. त्यांनी पुढं बसलेल्या एका मुलाला सहज विचारलं, “तुझे पप्पा काय करतात?” पोरगं तक्त्याकडे बघत राहिलं. एकेक चित्र शोधलं आणि मान खाली घातली. त्याचे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहायचे. तक्त्यावर हमाल नव्हता. आपल्या पप्पांचं ते काम नव्हेच, असं मी त्या पोराला शिकवलं होतं. त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही मला.

तेव्हापासून मी हा विषय ज्या रीतीनं घेते ती इथं सांगते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. नावं पाठ करून घ्यायची नाहीत, एका कामापाशी मुलांना पुरेसा वेळ बसू द्यायचं, हे तिचं मूळ.

जूनमध्ये मुलं रुळली की आधी घरोघरी जाऊन या. गृहभेटी आपण तशाही करतोच, त्यातच हे विचारून घ्या. पण विचारायची रीत सांभाळा. “वडील काय करतात?” असा थेट प्रश्न नको. कुणाचे वडील नसतात, कुणाचे असून नसल्यासारखे असतात, कुणाचं काम नुकतंच सुटलेलं असतं. मी विचारते, “सकाळी घरातनं कोण कोण कामाला बाहेर पडतं? आणि घरात कोण राबतं?” मग आपोआप सगळं बाहेर येतं. आई चार घरची धुणीभांडी करते, आजी दारात भाजी घेऊन बसते, मामा रेल्वेत गँगमन आहे, अब्बा गवंड्याच्या हाताखाली जातात. एका वहीत मुलाच्या नावापुढं एवढंच लिहून ठेवा. त्या घरात त्या कामाला जो शब्द आहे तोच लिहा. मिरजेत एका गल्लीत मराठी, दुसऱ्या गल्लीत उर्दू आणि तिसऱ्या घरी कानडी चालतं. मूल घरी जो शब्द ऐकतं तो तुमच्या तोंडून निघाला की त्याचा चेहरा बघा.

पहिलं काम मावशींचं. तक्ता नाही, गाणं नाही. एक सकाळ मुलांना मावशींच्या भोवती अर्धगोल बसवा आणि मावशींना सांगा, रोजच्यासारखं करा, फक्त जरा सावकाश. त्या तांदूळ सुपात घेतात, पाखडतात, बोटानं खडे बाजूला सारतात. मूठभर तांदूळ मुलांच्या ताटलीत द्या, त्यांनाही निवडू द्या. पुढं खिचडी शिजत आली की मावशी एक शीत चिमटीत दाबून बघतात. आमच्याकडे एका मुलीनं विचारलं, “एकच का बघता? बाकीचे कच्चे असले तर?” मावशी बावीस वर्षं शीत दाबतायत, त्यांना हे कुणीच विचारलं नव्हतं. त्यांनी झाऱ्यानं खालचं वर करून तळातलं शीत काढलं आणि तिच्या बोटात दिलं. चुलीपासून मुलं चार हात लांब ठेवायची आणि गरम पातेलं मध्ये आणायचं नाही, एवढी काळजी घेतली की पुरे.

नंतर वहीतली यादी समोर ठेवा आणि वर्षाला चार किंवा पाच कामं निवडा. त्याहून जास्त नको. निवडताना मी तीन गोष्टी बघते. ते काम आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरचं असावं, किंवा रोजच्या वाटेवरचं असावं. त्यात हाताला लागेल असं काहीतरी असावं. आणि करणाऱ्या माणसाला मुलांचा कंटाळा नसावा. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. कितीही छान काम असलं आणि माणूस खेकसणारा असला तर तिकडं नेऊ नका.

आमची सगळ्यांत आवडती जागा म्हणजे सतारमेकर गल्ली. मिरजेच्या सतारी आणि तानपुरे सगळीकडे जातात, 2024 साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. ते आपल्यासाठी, मोठ्यांसाठी. मुलांना मानांकनाशी काही घेणं नाही. त्यांना हवा असतो भोपळा.

तिथं नेण्याआधी मी एकटी दोनदा जाऊन येते. पहिल्यांदा विचारायला, दुसऱ्यांदा वेळ बघायला. कोणत्या दिवशी रंधा चालतो, कोणत्या दिवशी पॉलिश असतं, हे विचारून घ्या. पॉलिशच्या दिवशी नेऊ नका, वास सोसत नाही मुलांना. कारागिरांना मी अगदी मोजकं सांगते: “चाचा, भाषण नको. तुमचं काम चालू ठेवा. मुलं विचारतील तेवढं सांगा. एक वस्तू हातात द्या आणि एक आवाज ऐकवा.” हे चार वाक्यांचं सांगणं मी प्रत्येक ठिकाणी वापरते, शिंप्याकडेही आणि पोस्टातही. नाहीतर माणूस बिचारा आदल्या रात्री भाषण पाठ करतो आणि मुलं दोन मिनिटांत चुळबुळायला लागतात.

एका वेळी आठच मुलं. आमच्याकडे पंचवीस-तीस असतात, म्हणून तीन-चार दिवस लागतात. लागू देत. मी पुढं, एक आई मागं, मध्ये जाड दोरी. दोरीला हातभर अंतरावर गाठी मारलेल्या, प्रत्येकाची गाठ ठरलेली. रस्ता ओलांडताना गाठ सोडायची नाही, हे आदल्या दिवशी अंगणात घोळून घ्यायचं. पालकांना चिठ्ठी द्यायची आणि सही घ्यायची. शू करून निघायचं. पाणी बरोबर. तिथं वीस ते पंचवीस मिनिटं, साडेअकराच्या खिचडीला परत.

आता भोपळ्याचं सांगते. कारखान्यात आढ्याला वाळलेले भोपळे टांगलेले असतात, एकेक मोठ्या घागरीएवढा. मंगळवेढा-पंढरपूरकडच्या रानातून येतात. चाचांनी एक खाली काढून मुलांच्या मध्ये ठेवला. मी म्हटलं, “कोण उचलणार?” एक आडदांड मुलगा पुढं झाला. पाय फाकले, श्वास घेतला, दोन्ही हात घातले आणि जोर लावला. भोपळा सरळ त्याच्या डोक्यावर गेला. तो पोकळ असतो, इतका हलका की त्याला हाताचा तोलच सावरेना. मग काय, प्रत्येकाला उचलायचा होता. मी कुणालाही “आता पुरे” म्हटलं नाही. आठ मुलं, आठ वेळा भोपळा वर. ‘आत काही नाही म्हणून तो घुमतो’ हे मी सांगितलं नव्हतं. एकीनं त्याच्या तोंडात तोंड घालून “ऊऊ” केलं आणि दचकून मागं सरली.

“ह्याची भाजी करता?” असंही एकानं विचारलं. चाचा म्हणाले, “कडू असतो बेटा, ह्याला गाणंच चांगलं.” हा भोपळा कापून, पाण्यात भिजवून, आतला गर काढून आकाराला आणतात, मग त्याला लाकडी गळा आणि दांडी जोडतात. हे त्यांनी एका कापलेल्या भोपळ्यावर हात फिरवून दाखवलं. गळा वाद्यालाही असतो आणि आपल्यालाही. मुलांनी आपापला गळा धरून बघितला.

शेवटी आवाज. तयार तानपुऱ्याची तार चाचांनी छेडली. टण्ण. बारीक, कोरडा आवाज. मग त्यांनी खिशातून सुताचा एक तुकडा काढला, घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सरकवला आणि बोटाच्या नखानं कणभर पुढं ढकलला. परत तार छेडली. आवाज उघडला. भुंग्यासारखा गोल गोल फिरत राहिला. आठही मुलं गप्प. एक अगदी लहान, साडेतीन वर्षांची मुलगी पुढं वाकून दोरा बघत होती, आवाज त्यातूनच येतोय असं वाटून. चाचांनी दोरा काढला, पुन्हा कोरडा आवाज. घातला, पुन्हा भुंगा. असं पाच-सहा वेळा केलं त्यांनी, न कंटाळता. जवारी काढायला म्हणजे घोडी कानशीनं घासून तो आवाज आणायला शिकायला किती वर्षं लागली, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “अजून शिकतोय की, बाई.” हे मुलांसमोर बोललं गेलं याचा मला फार आनंद झाला. मोठी माणसंही शिकत असतात हे मुलांना आपण सांगून पटत नाही.

मोठ्या गटातल्या मुलांना एक गोष्ट सांगता येते. फार पूर्वी ह्या गल्लीतली शिकलगार मंडळी तलवारी आणि हत्यारं करायची, धार लावायची. पुढं त्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करता करता सतारी करायला घेतल्या. हात तेच, काम बदललं. पाच वर्षांच्या मुलाला एवढी गोष्ट पुरते.

सतारमेकर प्रत्येक गावात नसतात हे मला माहीत आहे. तासगावकडे असाल तर बेदाण्याची शेड आहे, वाईला घाटावरची फुलवाली आहे, साताऱ्यात कंदी पेढ्याची कढई आहे, म्हसवडच्या बाजूला घोंगडीचा माग आहे. ह्यातलं काहीच नसेल तर पिठाची गिरणी कुठंही असतेच. जात्याखाली हात धरला की पीठ कोमट लागतं, तेवढं एक दाखवलं तरी चालेल.

बाहेर जाणं जमत नसेल तर माणसाला आत बोलवा. ज्या मुलावरून मला हे सगळं उमगलं, त्याच्या धाकट्या बहिणीच्या वेळी मी त्यांच्या वडिलांना बोलावलं. हळदीचा हंगाम जोरात होता, फेब्रुवारी संपत आलेला, त्यांना एक सकाळ मोडणं म्हणजे मजुरी बुडणं. म्हणून मी त्यांना यार्डात जायच्या आधीची, सकाळची वेळ दिली आणि मुलांना त्या दिवशी लवकर बोलावलं. हे लक्षात ठेवा: रोजंदारीच्या माणसाचा दिवस आपल्यासाठी मोडायचा नाही, आपली वेळ बदलायची.

ते दारात उभे राहिले, आत यायला संकोचले. सदऱ्याच्या बाह्या हळदीनं पिवळ्या. मुलं म्हणाली, “काका, तुमचं लग्न झालं का आज?” ते हसले आणि तिथं त्यांचा संकोच गेला. त्यांनी रिकामं पोतं आणलं होतं. त्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात आत खुपसला, झटकलं, आणि डोक्यावर घातलं. खोळ तयार. डोकं, मान, पाठ सगळं झाकलं. पोतं पाठीवर घेताना खरचटत नाही, धूळ मानेत जात नाही. मग त्यांनी मुलांना शिकवलं, कोपरा कसा खुपसायचा. चिमुकल्या हातांना ते सोपं नव्हतं, पण तिसऱ्या खेपेला दोघांना जमलं. लोखंडी हूक त्यांनी लांबून दाखवला, कुणाच्या हातात दिला नाही. हे आधी ठरलेलं होतं. कमरेत वाकायचं नाही, गुडघ्यात बसून उठायचं, हे त्यांनी दाखवलं तेव्हा सगळी मुलं गुडघ्यात बसून उठली. त्यांची मुलगी त्या पूर्ण वेळात एक शब्द बोलली नाही. फक्त त्यांच्या पिवळ्या बाहीला धरून उभी होती. जाताना मात्र मोठ्यानं म्हणाली, “हे माझे पप्पा आहेत.” सगळ्यांना माहीत होतं, तरी म्हणाली.

बाकीची कामं थोडक्यात सांगते. शिंप्याकडे टेप आणि चपटा खडू पुरतो. परत आल्यावर लोकरीच्या धाग्यानं एकमेकांची मापं घ्यायची आणि धागे भिंतीवर टांगायचे. पोस्टमनचं काम दाखवायला पोस्टात न्यायचीही गरज नाही. प्रत्येक मुलाचं चित्र पोस्टकार्डावर काढून घ्या, पत्ता तुम्ही लिहा, खाली 416410 हे आकडे मोठ्या मुलांना गिरवू द्या, आणि सगळ्यांनी मिळून लाल पेटीत टाका. दोन-चार दिवसांनी ते कार्ड त्याच मुलाच्या दारात येतं. मूल स्वतः दाराशी जाऊन पोस्टमनच्या हातून घेतं. ह्याहून मोठा धडा मला सुचलेला नाही.

दवाखान्याबद्दल थोडं सावकाश. मिरज दवाखान्यांचं गाव, डॉक्टर वॉन्लेस यांनी 1894 साली मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासूनचं. आमच्या किती तरी मुलांच्या आया-मावश्या दवाखान्यात कामाला आहेत. पण मुलांच्या मनात दवाखाना म्हणजे सुई. म्हणून मी डॉक्टरपासून सुरुवात करत नाही. विचारते, “दवाखान्यातल्या पांढऱ्या चादरी कोण धुतं? पेशंटला चहा कोण देतं? स्ट्रेचर कोण ढकलतं? रात्री जागं कोण असतं?” मुलं एकेक नाव घेतात, आणि त्यातलं एखादं नाव कुणाच्या तरी आईचं निघतं. एका आईनं येऊन फक्त चादर घालून दाखवली. कोपरा कसा दुमडायचा म्हणजे पेशंट वळला तरी सुटत नाही. सतरंजीवर मुलांनी अर्धा तास कोपरे दुमडले. डॉक्टरची पाळी नंतर आली, तोवर सुईची भीती बरीच उतरली होती.

एक अवघड गोष्ट प्रत्येकीला भेटणार, म्हणून ती टाळत नाही. घंटागाडीवरच्या दादांना बोलवायचं ठरलं तेव्हा एका पालकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “बाई, असली कामं कशाला दाखवता पोरांना?” त्याच गटात गटारं साफ करणाऱ्या घरचं एक लेकरू होतं. मी त्या पालकांशी वाद घातला नाही, पण कार्यक्रमही रद्द केला नाही. त्यांना म्हटलं, “तुम्हीही या, मागं बसा.” ते आले. दादांनी हातमोजे काढून दाखवले, बोटापाशी फाटलेले. म्हणाले, “काच असते ना पिशवीत, कागदात गुंडाळून वेगळी द्या.” मुलांनी धुतलेल्या रिकाम्या पिशव्या, साली, कागद, झाकणं असा साधा ढीग ओला आणि सुका वेगळा केला. त्या पालकांनी घरी जाऊन काय केलं मला ठाऊक नाही. पण त्यांची मुलगी दुसऱ्या दिवशी सांगत आली, “आमची फुटलेली बरणी मी पेपरात बांधायला लावली.” एखादं मूल वर्गात “घाण काम” असं म्हणालंच, तर रागावू नका, आणि सगळ्यांसमोर उपदेशही करू नका. विचारा, “दादा आठ दिवस आले नाहीत तर आपल्या गल्लीत काय होईल?” आणि मुलांना बोलू द्या. त्यांना नीट माहीत असतं.

भेटीच्या दुसऱ्या दिवशी लगेच चित्र काढायला बसवू नका. आधी खेळू द्या. कोपऱ्यात खऱ्या वस्तू ठेवा: रिकामं पोतं, टेप, जुना रबरी शिक्का, तागडी, चार चादरी, एक लहान वाळका भोपळा. बाजारातला प्लास्टिकचा डॉक्टर-सेट मी आणत नाही, त्यात वजन नाही, वास नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा शिंपले, बिया, खडे हीच त्यांची साधनं होती. आपल्या नावातली ‘अंगणवाडी’ त्यांच्याच कल्पनेतून आली. खेळात तुम्ही शिरू नका, फक्त ऐका. हमाल झालेली मुलगी शिंपी झालेल्या मुलाला “माल उतरवायचा आहे, सही कर” म्हणते, तेव्हा तुम्हाला कळतं काय पोहोचलंय ते. मुलगा चादर घालतो, मुलगी पोतं उचलते. ‘हे मुलींचं नाही’ असं कुणी म्हणालं तर तिथं मात्र मी बोलते.

चित्रं तिसऱ्या दिवशी. साडेतीन वर्षांचं मूल रेघोट्याच काढणार. विचारायचं नाही “हे काय काढलंस?” म्हणायचं, “सांग मला ह्याच्याबद्दल,” आणि ते जे सांगेल ते जसंच्या तसं खाली लिहायचं, त्याच्याच भाषेत, दुरुस्त न करता. त्या लहान मुलीनं एक काळी रेघ काढली आणि सांगितलं, “हा दोरा हाय. ह्यात भुंगा हाय.”

ही चित्रं फायलीत ठेवू नका. ज्यांचं काम बघितलं त्यांच्याकडे घेऊन जा, दोन-तीन मुलांना सोबत नेऊन त्यांच्याच हातानं द्या. सतारमेकर चाचांनी दोऱ्याचं चित्र भोपळ्यांखालच्या भिंतीवर सरसानं चिकटवलंय. पुढच्या वर्षीची मुलं गेली की आधी तेच बघतात आणि विचारतात, हे कुणी काढलं.